कबरींची कवायत

रेवती आणि अनय, तुमच्या आईने पत्रात विचारले आहे की जानेवारीत आठ दिवस पुण्याच्या घराला कुलूप होते, तेव्हा आजी कुठे होती. आजी कबरस्तानात होती. हे वाक्य वाचून तुमची आई चष्मा पुसून पुन्हा वाचेल, म्हणून लगेच सांगते की मी धडधाकट परत आले आहे, वजन दोन शेर तरी वाढले आहे, आणि माझ्या नखांतली साताऱ्याची माती अजून पुरती निघालेली नाही.

आता सगळे क्रमाने सांगते. क्रमाशिवाय मला काही सांगता येत नाही. या प्रवासातला घोटाळासुद्धा क्रमाच्या आवडीनेच झाला, हे आधीच कबूल करून ठेवते.

सातारा

माझी कॉलेजातली मैत्रीण कुसुम साताऱ्याला असते. मुख्याध्यापिका होती, आता माझ्यासारखीच निवृत्त. तिचे पत्र आले: "इथे कॅम्पाच्या बाजूला गोऱ्यांचे जुने कबरस्तान आहे. पलटणीतून पेन्शनीवर आलेली काही मंडळी ते आपणहून साफ करत आहेत. दगडांवरचे इंग्रजी शंभर-सव्वाशे वर्षांचे, वेलबुट्टीचे; वाचायला कोणी नाही. तू तीस वर्षे मुलींच्या वह्या तपासल्यास, आता जरा मेलेल्यांच्या तपास."

असे आमंत्रण कोण सोडेल? मी बॅगेत दोन पेन्सिली, खोडरबर, मऊ ब्रश, भिंग आणि रकाने आखलेली एक जाड वही भरली. अनुक्रमांक, नाव, वय, मजकूर आणि शेवटी "ओळख कशावरून पटली". हा शेवटचा रकाना कशाला लागणार होता, हे मलाही माहीत नव्हते. पान पाच रकान्यांत नीट बसत होते, एवढेच.

एसटी शिरवळला चहासाठी थांबली आणि खंबाटकीच्या घाटात दम लागून थांबली. बाकी प्रवासात सांगण्यासारखे काही नाही. कुसुमकडे कृष्णाकाठच्या वांग्यांचे भरीत होते. पुण्यात पाहुण्याला "अजून वाढू का?" असे विचारण्याची पद्धत आहे. साताऱ्यात विचारत नाहीत. तुम्ही पाणी प्यायला मान वर केली की भाकरी पानात पडलेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी कबरस्तानात गेलो. काळ्या दगडाची कमरेइतकी भिंत, मागे अजिंक्यतारा, आणि फाटक कधीच चोरीला गेल्यामुळे त्याच्या जागी आडवे टाकलेले बैलगाडीचे जुने जू. आत आठ-नऊ पेन्शनर कामाला लागलेले होते. त्यांतले दोघे तुम्हाला माहीत असायला हवेत.

पहिले सुभेदार शेलार. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या, खाकी अर्ध्या चड्डीची इस्त्री अशी की घडीवर पेन्सिल तासावी. दुसरे हवालदार कांबळे. बुटके, गोल, बोलण्याआधी त्यांचे डोळे हसतात. दोघे एकाच पलटणीत होते आणि तेव्हापासून एकमेकांशी भांडत आहेत.

"हे काम तुम्ही का हाती घेतलेत?" मी सुभेदारांना विचारले.

"लढाईत आमी इटलीला हुतो, बाई," ते म्हणाले. "माझ्या गावचा एक गडी तिकडंच राह्यला. तितं त्याचं नाव दगडात कोरलंय. तितली मानसं त्याच्या पुढचं गवत काढत्यात, फुलं ठेवत्यात म्हनं. ना त्यांच्या जातीचा, ना देशाचा. पेन्शनीव आलो आन् ह्ये बघितलं. शेरडं चरत हुती, पत्त्याचा डाव रंगला हुता. म्हनलं, हितल्या मानसांचं गवत कुनी काढायचं?"

मग त्यांनी छडीने पुढे दाखवले.

घाणेरीचे रान कापून, मुरूम टाकून, जमीन चोपून सपाट केलेली होती, आणि तिच्यावर सदतीस दगड तीन रांगांत उभे होते. धुतलेले, स्वच्छ, सरळ. शाळेच्या पटांगणावर तीस वर्षे मी रांगा लावल्या, पण अशी रांग मला कधी लावता आली नाही. उजवीकडे सर्वांत उंच दगड, मग उतरत उतरत डावीकडे सर्वांत बुटका. मी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवल्या, हे लक्षात ठेवा. पुढे कोणाला दोष देताना मी स्वतःला वगळलेले नाही.

भिंतीच्या कोपऱ्यात तीन दगडांची चूल होती. सुभेदारांच्या शिस्तीत दर तासाला दहा मिनिटे विश्रांती, आणि प्रत्येक विश्रांतीला गुळाचा चहा. पहिल्याच सकाळी मी चार कप प्यायले आणि वाचायला बसले.

पहिला दगड एका कॅप्टनचा. ठीक. दुसरा इझाबेला नावाच्या बाविशीतल्या मुलीचा, आणि खाली लिहिलेले की ती आपल्या तान्ह्या बाळाशेजारी निजली आहे. मी शेजारी पाहिले. शेजारी तोफखान्यातला एकसष्ट वर्षांचा सार्जंट होता. पुढे एका दगडावर लिहिलेले, "आम्ही दोघी बहिणी एका दगडाखाली, एका चाफ्याच्या सावलीत." तिथे चाफाच काय, तुळसही नव्हती. मी भिंग खाली ठेवले.

"सुभेदार, हे दगड पहिल्यापासून असेच उभे होते?"

"न्हाई, न्हाई," ते अभिमानाने म्हणाले. "लय वाकडंतिकडं हुतं. एक हितं, एक तितं, कोन कलंडल्यालं. आमी समदे उपटलं, धुतलं आन् ड्रेसिंग करून, म्हंजी पलटनीवानी रांग धरून, लावलं. लंबा दाहिने, छोटा बाएँ."

"आणि खालची माणसे?"

"खालची मानसं?"

"दगड उंचीप्रमाणे लावले. माणसे कुठे आहेत?"

सुभेदारांनी रांगांकडे पाहिले, मग जमिनीकडे पाहिले. हवालदार कांबळे चहाचा कप घेऊन शांतपणे उभे होते.

"म्या तवाच म्हनलं हुतं, सुभेदार," ते म्हणाले. "जित्तेपनी रांगा लावल्या, आता पडू द्या गड्यांना जसं पडल्यात तसं. तर तुमी म्हनला, आर्डर म्हंजी आर्डर."

"मग तवा वरडायचं न्हाई व्हय?"

"वरडलो आस्तो तर मलाबी उंचीपरमानं लावला आस्ता."

सुभेदार एका दगडी कठड्यावर बसले. "म्हंजी परत्येकाच्या डोक्याव दुसऱ्याचंच नाव," ते म्हणाले. "माझ्या गड्याचा दगड तिकडं कुनी असा हालवला आस्ता, तर त्याला म्या काय म्हनलो आस्तो?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यांच्या हातात दिलेला चहा तसाच निवला.

मला खरेच वाईट वाटले. पण खोटे कशाला सांगू, घरी जाताना रस्त्यात कुसुमने नुसते "छोटा बाएँ" म्हटले आणि आम्ही दोघी विजेच्या खांबाला धरून हसत उभ्या राहिलो. पासष्टीच्या दोन बायका. एका सायकलवाल्याने उतरून विचारले, "आवं, बरं वाटंना का?"

हसून झाल्यावर कुसुमला मार्थाबाई आठवल्या. तिची दोन्ही बाळंतपणे करणाऱ्या मिशनच्या नर्स. "ती नेहमी म्हणायची, मी कबरस्तानात वाढले," कुसुम म्हणाली. "तिचा बाप तिथला माळी होता. आता भाचीकडे असते, सांगलीला विश्रामबागेत. ऐंशीची तरी असेल. जागा कोणाला ठाऊक असतील तर तिलाच."

सांगली

दुसऱ्या दिवशी सुभेदार, कांबळे आणि मी सांगलीला निघालो. कुसुमचा गुडघा तिला एसटीत बसू देत नाही. कराडच्या पुढे उसाच्या गाड्यांची रांग लागली आणि आमची बस तिच्या मागे बैलाच्या चालीने चालू लागली. कांबळ्यांनी खिडकीतून हात घालून ओलांडताना शेजारी आलेल्या गाडीवरचा एक ऊस ओढला, तीन तुकडे केले आणि एक माझ्या हाती दिला. मी आयुष्यात चोरीचा ऊस खाल्ला नव्हता. दाताने सोलायचा असतो, हेही विसरले होते. सांगली येईपर्यंत माझे लुगडे चिकट झाले होते आणि मी फार खुशीत होते. गावात शिरताना हळदीचा वास येतो, इतका दाट की जिभेवर चव लागावी.

मार्थाबाई पाच फुटांना चार बोटे कमी. पांढरे पातळ, जाड काचांचा चष्मा, आणि नर्सचा आवाज, म्हणजे ऐकावाच लागतो असा. त्यांनी आधी आमच्यापुढे भडंगाचे ताट ठेवले. एका घासात मला उचकी लागली, डोळ्यांतून पाणी आले, आणि याच अवस्थेत मी सुभेदारांचा कबुलीजबाब ऐकला. ते सावधान उभे राहून बोलत होते. काही लपवले नाही, माझ्या टाळ्याही लपवल्या नाहीत.

मार्थाबाई इतक्या हसल्या की भाचीला पाणी आणावे लागले.

"पलटणीत भरती करताना डोकं काढून जमा करून घेतात का रे बाबा?"

"तसंच म्हना, आक्का," सुभेदार म्हणाले.

मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि हसणे थांबवले. "येते मी. सगळ्या जागा दाखवते. पण एक अट हाय. माझा धाकटा भाऊ आहे तिथं. दान्या. सहा वर्षांचा, हिवतापानं गेला, अशाच थंडीत. साहेब लोकांच्यात आमाला जागा न्हवती. पाद्री म्हणाला, माळ्याचं पोर आहे, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा. बापाला अक्षर येत न्हवतं. त्यानं एक काळा दगड घडवला, एवढासा, आणि वर वाटीसारखा खळगा केला. चिमण्यांना पाणी प्यायला. नाव न्हाई, काही न्हाई. आधी मला तो दगड दाखवायचा. मग बाकीच्यांचं बघू."

सुभेदारांनी छातीवर हात ठेवला. "शब्द दिला."

परतीच्या बसमध्ये सुभेदार आणि मार्थाबाई पुढच्या बाकावर, आम्ही दोघे मागे. इस्लामपूर सुटले तरी कांबळे एक शब्द बोलले नाहीत. मला वाटले, भडंग बाधले असावे. मग ते माझ्याकडे वाकले.

"बाई, काळा दगूड. वर वाटीवानी खळगा."

"हो, मग?"

"आपल्या चुलीचा डावा दगूड. पातेलं त्यात लय झ्याक बसतंय."

मी पुढे पाहिले. सुभेदार खिडकीतून बोट दाखवून मार्थाबाईंना उसाच्या सऱ्या किती सरळ आहेत ते सांगत होते.

"सांगायचे का त्यांना?" मी कुजबुजले.

"आत्ता न्हाई. चालत्या गाडीतनं उडी टाकतील."

पुन्हा सातारा

स्टँडवर मार्थाबाईंना कुसुमच्या हवाली करून मग आम्ही सुभेदारांना सांगितले. ते म्हणाले, "फाटं जायचं. दगूड धुयाचा, जागंव लावायचा, आन् मग आक्कास्नी आनायचं." मला ते पटले नाही, पण पहाटे मीही, घरात कोणी जागे होऊ नये म्हणून दिवा न लावता, बादली घेऊन निघाले. शिस्तीच्या माणसाला घासण्याचे काम दिसले की विवेक बाजूला राहतो. कांबळ्यांनी काथ्या आणि राख आणली होती. आम्ही तिघे थंडीत चोरांसारखे जू ओलांडून आत गेलो.

चूल पेटलेली होती. एक पेन्शनर पाहुणचार करत होते आणि चुलीपुढे पाटावर, हातात कप घेऊन, मार्थाबाई बसल्या होत्या. नर्स म्हणून जन्म काढलेली बाई चारला उठते, हे आम्ही तिघेही विसरलो होतो. कुसुमला उठवून, तिच्या गुडघ्यासकट, त्या आमच्या आधी चालत आल्या होत्या.

त्यांनी आमच्या बादलीकडे पाहिले.

"सुभेदार, अट काय होती? आधी दगड दाखवायचा. दिसला. आता पातेलं उतरवा."

सुभेदार पुढे धावले आणि उकळते पातेले त्यांनी सरळ हातांनी उचलले. पुढचे तुम्हीच समजा. अर्धा चहा चुलीत, अर्धा माझ्या वहीवर, आणि सुभेदारांचे दोन्ही हात माझ्या बादलीत. तेवढाच त्या बादलीचा उपयोग झाला.

विस्तव चुरचुरून शांत झाला. मार्थाबाई दगडाकडे बघत होत्या. त्याच्या खळग्यात चहा साचून वाफ निघत होती. मी वही झटकत होते, ती पुरेशी झटकून झाली तरी झटकत होते.

"किती दिवस चहा करताय हितं?" त्यांनी विचारले.

"तीन वर्सं," कांबळे म्हणाले.

"रोज?"

"रोज. दर तासाला."

"थंडीतबी?"

"थंडीत दोनदा."

त्यांनी दोन्ही तळहात दगडाजवळ नेले, शेकायला नेतात तसे. "आई मरेपर्यंत एकच म्हणायची," त्या म्हणाल्या. "पोराला पांघरूण न घालता ठेवलं. थंडी पडली की ती उठून बसायची, आणि बापाशी भांडायची." मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटले रडतात, पण त्या हसत होत्या. "आणि हा गडी बघा. तीन वर्षं पलटणीच्या चुलीजवळ बसून. आयुष्यात कधी आईला एक लाकूड आणून दिलं न्हाई, आणि आता सगळ्या सुभेदारांना चहा करून घालतोय."

सुभेदार पाण्यातल्या हातांनीच म्हणाले, "आक्का, माफी."

"माफी नंतर. हाताला आधी तेल लावा. मग माणसं उचलायला घ्या. आज लय काम हाय."

पुढचे तीन दिवस म्हणजे जत्रा होती, मुलांनो. मार्थाबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हते तेव्हापासून या सगळ्यांची त्यांची ओळख, म्हणून प्रत्येकाला त्यांनी आपले नाव दिलेले होते. नाक तुटलेली देवदूताची मूर्ती म्हणजे "नकटी". जहाजाचा नांगर कोरलेला कप्तान म्हणजे "गळवाला", कारण लहानपणी त्यांना तो मासे धरायचा गळ वाटला होता. त्यांच्या बापाने प्रत्येकापाशी काहीतरी लावलेले होते. झाडे गेली तरी मुरमाखाली खुंट होते. त्या छडीने टोचून सांगायच्या, "हितं बुचाचं झाड. ह्याच्या सावलीत गळवाला." कांबळे कुदळीने मुरूम उकरायचे, आणि खरेच खुंट निघायचा. मग सहा पेन्शनर दोरखंड आणि पहारी घेऊन गळवाल्याला त्याच्या घरी न्यायचे, मी वहीत लिहायचे, आणि मागून हाक यायची, "नकटी कुठाय? नकटीला आणा रे."

इझाबेला आपल्या बाळाशेजारी गेली. दोघी बहिणींच्या जागी चाफ्याचा खुंट सापडला आणि त्याला एक कोंब होता. एकसष्ट वर्षांचे सार्जंट कण्हेरीखालचे निघाले. मार्थाबाई म्हणाल्या, याच्या कण्हेरीला फुले कधी आलीच नाहीत.

एक दगड मात्र त्यांना ओळखता आला नाही. त्यांचे वडील गेल्यानंतरचा असावा.

"ह्याला फाटकाव पहाऱ्याला हुबा करू," कांबळे म्हणाले. ते मात्र मी होऊ दिले नाही. तो भिंतीशी मोकळ्या जागेत लावला, आणि त्याच्या पाचव्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिले, "पटली नाही."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कबरस्तान पुन्हा लय वाकडेतिकडे झाले. एक इथे, एक तिथे, कोणाचे तोंड डोंगराकडे, कोणाचे रस्त्याकडे. सुभेदारांना ते बघवेना. पट्टी बांधलेले हात मागे धरून, मान वर करून ते अजिंक्यताऱ्याकडे बघत फिरत होते. पण त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जेवले.

दान्याचा दगड शेवटी लावला. चुलीपासून त्याची जागा फक्त चार पावले होती. सुभेदार तारेचा ब्रश घेऊन काजळी काढायला बसले, तेव्हा मार्थाबाईंनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या. तेवढं पांघरूण असू द्या."

चूल त्याच्याशेजारी हलवली, विटांची, आणि खळग्यात पाणी भरले. एक चिमणी यायला हवी होती, म्हणजे मला हे नीट संपवता आले असते. चिमणी आली नाही. कांबळे आले आणि त्यांनी चहा ठेवला.

मी चहाचे डाग पडलेली वही उघडली. अनुक्रमांक अडतीस. नाव, दान्या. वय, सहा. मजकूर, काही नाही. मग पाचवा रकाना आला. मी पेन्सिलीला टोक केले आणि लिहिले: "ओळख कशावरून पटली: काजळीवरून."